नव्या घराची वही

महिन्याचा पहिला रविवार आमच्या घरात ईदसारखा उजाडतो. फजरची नमाज होताच नातवंडे अंथरुणे गुंडाळतात. एरवी शाळेसाठी चार हाका मारूनही न उठणारा धाकटा त्या दिवशी सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभा असतो. सून (आम्ही तिला दुल्हन म्हणतो) रात्रीच खिम्याचे सारण करून ठेवते आणि पहाटे पराठे लाटते. पिशवीत उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा, दोन जानमाज, वुजूसाठी पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक जुनी चादर. एवढे सामान झाले की आमची सहल निघाली.

ही प्रथा माझ्या बेगमने सुरू केली. मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. नोकरीची सगळी वर्षे कालवे, चाऱ्या आणि बंधाऱ्यांवर गेली. मुले मोठी झाली ती मी घरी नसताना. निवृत्तीनंतर मी दिवसभर वर्तमानपत्र वाचत बसू लागलो, आणि शेजारी नातवंडे मोबाइलमध्ये डोके घालून. एके दिवशी बेगम म्हणाली, "तुम्ही त्या कागदातून बाहेर या आणि यांना त्या काचेतून बाहेर काढा." त्याच आठवड्यात आम्ही पहिल्यांदा निघालो. त्याला आता सात वर्षे होतील.

खर्चाची भीती वाटत असेल तर आधीच सांगतो, ती बाळगू नका. माझे वय ७१, मला एसटीत अर्धे तिकीट. बायकांना अर्धे तिकीट, त्यामुळे बेगम, दुल्हन आणि दोन्ही नाती त्यात आल्या. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे, म्हणजे दोन्ही नातूही आले. आठ माणसांत पूर्ण तिकीट फक्त माझ्या मुलाचे. कंडक्टर हिशेब करताना हसायचा. दोन वर्षांपूर्वी बेगम पडली, तेव्हापासून तिच्या वॉकरमुळे कधीकधी गाडी भाड्याने करावी लागते. पण पहिला रविवार आम्ही चुकवला नाही.

पडण्याची गोष्ट

आमचे जुने घर शहराच्या जुन्या मोहल्ल्यात होते. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. दगड-मातीच्या भिंती, वर धाबे, खाली शहाबादी फरशी आणि मागे न्हाणी. ते घर माझ्या वालिदसाहेबांनी घेतलेले. माझा आणि माझ्या दोन्ही बहिणींचा जन्म तिथलाच. उन्हाळ्यात त्या घरात पंख्याची गरज भासत नसे. पण न्हाणीला जायला दोन पायऱ्या उतराव्या लागत आणि फरशी पाण्याने गुळगुळीत झालेली.

दोन वर्षांपूर्वी थंडीत फजरच्या वुजूला उठलेली बेगम त्या पायऱ्यांवर घसरली. मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा भाग मोडला. ऑपरेशन झाले, अलहम्दुलिल्लाह चालायला लागली, पण वॉकर हातात आला तो आलाच. मी आयुष्यभर सरकारी कामांत उतार मोजले, आणि माझ्याच घरातली न्हाणी चाळीस वर्षांत मला दिसली नाही. ही माझी पहिली कबुली. दुसरी पुढे येते, ती याहून जड आहे.

मुलाने तेव्हाच ठरवले की घर बदलायचे. त्याने पंधरा वर्षांची बचत काढली, मी माझा एक छोटा प्लॉट विकला, आणि नव्या वस्तीत एक रो-हाउस घेतले. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या. नवे म्हणजे आम्हाला नवे, बांधून त्याला वीस वर्षे झालेली. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे घरात पहिल्यापासून ठरलेले होते. पंधरा लाख रुपये देणे बाकी राहिले. ते जुने घर विकून द्यायचे आणि उरलेल्या पैशांत दुरुस्ती करायची, असा बेत होता. जुन्या घराला ४८ लाखांचे गिऱ्हाईक आले. पंधरा देण्यात, पंचवीस दुरुस्तीला, आणि आठ लाख सगळ्यांच्या उमऱ्यासाठी. गणित चोख बसले होते.

मी बाजारातून दोनशे पानी वही आणली आणि वर लिहिले, 'नवे घर'.

वहीत काय काय आले

वही सगळ्यांसाठी खुली होती. थोरल्या नातीने लिहिले, 'अभ्यासाला खिडकीजवळ टेबल.' ती चौदा वर्षांची आहे. मधल्या नातवाने वरच्या मजल्यावर आणखी एक खोली मागितली. मुलाने हॉलला फॉल्स सीलिंग आणि संगमरवरी फरशी लिहिली. दुल्हनने मॉड्युलर किचनचे पत्रक चिकटवले. धाकट्याला लिहिता येत नाही म्हणून त्याने झोका काढला. बेगमने वही हातात घेतली नाही. ती म्हणाली, "मला पडायचे नाही, एवढे लिहा."

तेव्हापासून पहिल्या रविवारच्या सहलीला एक नवे काम मिळाले. जिथे जाऊ तिथली इमारत बघायची आणि आपल्या घरासाठी काय घेता येईल ते वहीत टिपायचे. आमच्या भागात अशा जागांची वाण नाही.

पहिली सहल पाणचक्कीची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला लागून ही जागा आहे. शहराबाहेरच्या डोंगरातले झऱ्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी काही किलोमीटर आणले, उंच भिंतीवर चढवले आणि तिथून हौदात सोडले. त्या पडत्या पाण्यावर दगडी जाते फिरायचे आणि फकिरांसाठी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पीठ दळले जायचे. कुठे इंजिन नाही की पंप नाही. पाणी उतारावरून येते आणि स्वतःच्या दाबाने भिंत चढते. त्याच्याही आधी मलिक अंबरने याच शहरात जमिनीखालून नहर खेळवली होती.

मुलांना मी हौदाखालच्या दालनात नेले. वरच्या हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत. थोरली म्हणाली, "दादा, एवढे पाणी डोक्यावर आहे आणि गळत नाही. आणि आपल्या नव्या घराच्या गच्चीवर थोडा पाऊस पडला तरी भिंतीला ओल येते." मी म्हणालो, "वहीत हेच पहिले लिही." आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-चार दिवस वाट पाहावी लागते. म्हणून दुसरी ओळ गच्चीवरच्या पावसाची झाली. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमची गच्ची सहाशे चौरस फूट, म्हणजे साधारण ५५ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर धरला तर ३८ हजार लिटरच्या वर पाणी पडते. काही उडते, काही वाहते, तरी तीस हजार लिटर हाती लागायला हरकत नाही. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग गच्चीवरचे पाणी गटारात का सोडायचे?

मकबऱ्याचा नियम

दुसरी सहल बीबी का मकबऱ्याची. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, मुलगा आजम शाह याने बांधून घेतलेली. सगळे लोक तिथे उभे राहून ताजमहालाशी तुलना करतात आणि नाक मुरडतात. मी मुलांना म्हटले, नाक मुरडायच्या आधी भिंत नीट बघा.

खाली, जिथे माणसाचा हात पोहोचतो तिथपर्यंत, संगमरवर आहे. त्याच्या वर घुमटाच्या बुडापर्यंत आपल्या इकडचा काळा दगड, आणि त्यावर असा घोटलेला गिलावा की लांबून तोही संगमरवरच वाटावा. घुमट पुन्हा संगमरवरी. जुन्या नोंदींत या इमारतीचा खर्च पावणेसात लाख रुपयांच्या आसपास सांगितला आहे, ताजच्या मानाने फारच थोडा. दरवाजावर बांधणाऱ्यांची नावे आहेत, स्थापत्यकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. हातात जेवढे पैसे होते तेवढ्यात त्यांनी काम पुरे केले, आणि साडेतीनशे वर्षांनंतरही ते उभे आहे.

मुलांनी याला 'मकबऱ्याचा नियम' असे नाव दिले. जिथे हात-पाय रोज लागतात तिथे चांगला माल, जिथे नुसती नजर जाते तिथे साधा. त्या दिवशी हे वहीत गंमत म्हणून लिहिले होते. पुढे हाच नियम आमच्या उपयोगी पडला.

तिसऱ्या महिन्यात आम्ही दौलताबादला गेलो. बेगम खाली झाडाखाली बसली, मी अर्ध्यापर्यंत चढलो, मुले वर गेली. उतरल्यावर रस्त्याकडेला सीताफळे घेतली. त्या महिन्यात वहीत एकच ओळ आली, धाकटीची. ती नऊ वर्षांची आहे. 'किल्ल्यात दादी बसू शकेल अशी जागा कमी. घरात जास्त पाहिजे.'

पैठणचे जेवण

चौथी सहल पैठणची. तिथे माझी मोठी बहीण राहते. तिला आम्ही सगळे आपा म्हणतो. नाथसागराचे पाणी बघायचे, मग आपाकडे जेवायचे, असा आमचा वर्षातून दोनदा ठरलेला कार्यक्रम. आपाने दालचा-भात केला होता. सगळे स्वयंपाकघरातच चादर टाकून बसलो. धाकटीने वही काढली आणि फुफीदादीला एकेक पान दाखवू लागली. आपा कौतुकाने बघत होती.

जुन्या घराच्या विक्रीचे पान आले. पोरीने विचारले, "दादा, जुने घर तुमच्या अब्बांनी घेतलेले ना?"

"हो."

"मग ते फुफीदादीच्या अब्बांचे पण होते ना?"

मी हो म्हटले. तिने पुढे काही विचारले नाही, तिला एवढेच पाहिजे होते. वहीत 'हे घर दादांच्या अब्बांनी घेतले' असे होते, तिथे तिने 'आणि फुफीदादीच्या' असे जोडले आणि पान उलटले.

आपा हसली. म्हणाली, "आमचा हिस्सा म्हणजे माहेरचा दरवाजा, बेटा. तो उघडा राहिला म्हणजे झाले."

माझ्या घशाखाली घास उतरेना. वाचक बंधू-भगिनींनो, ही माझी दुसरी कबुली. वालिदसाहेबांचा इंतिकाल १९९४ साली झाला. अम्मी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. मागे मी एकटा मुलगा आणि दोन बहिणी. चाळिसावा झाला आणि पुढच्या महिन्यात पीआर कार्डावर माझे नाव लावण्यासाठी दोघींना मी कचेरीत नेले. त्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आपाने पदर सावरत सही केली. छोटीने विचारले, "भाईजान, इथेच ना?" दोघींचा हिस्सा किती होतो हे त्यांना कोणी सांगितले नाही. मीही नाही. परत येताना मी दोघींना साड्या घेतल्या. मोहल्ल्यात सगळे असेच करत होते आणि बहिणींनी हिस्सा मागितला तर लोक त्यांनाच बोलत होते.

छोटी जालन्यात दिली होती. ती आठ वर्षांपूर्वी आजाराने गेली. तिच्या उपचारांसाठी माझ्या बहनोईंनी दोन एकर शेत विकले. मी दवाखान्यात जाऊन बसत होतो, फळे नेत होतो, जमेल तसे पैसेही दिले आणि मनात म्हणत होतो, मी भावाचे कर्तव्य करतो आहे. तिचा स्वतःचा हिस्सा त्या वेळी माझ्या घराच्या भिंतींत उभा होता.

हिशेब

पैठणहून आल्यावर मी दोन ठिकाणी गेलो. वकिलांनी कागद पाहून सांगितले, "हक्कसोडपत्र नोंदलेले आहे. कायद्याने तुमच्यावर काही बंधन नाही." मग एका आलिम साहेबांकडे गेलो. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. सही करताना बहिणींना आपला हिस्सा किती आहे हे माहीत होते का? आणि तो त्यांच्या हातात पडून मग त्यांनी खुशीने परत केला होता का? माझ्याकडे उत्तर नव्हते. ते म्हणाले, "शरमेने सोडलेले आणि खुशीने सोडलेले यांतला फरक तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तुम्ही इथे आला आहात."

हिशेब अवघड नाही. शरियतप्रमाणे मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. एक मुलगा आणि दोन मुली, म्हणजे चार वाटे. ४८ लाखांचे माझे २४, आपाचे १२ आणि छोटीचे १२. छोटी हयात नाही, पण तिचा हिस्सा तिच्याबरोबर संपत नाही, तो तिच्या वारसांना जातो. तिला मुले आहेत, म्हणून पतीला चौथा भाग, तीन लाख. उरलेले नऊ लाख दोन मुलगे आणि एक मुलगी यांच्यात. पाच वाटे करून मुलांना प्रत्येकी तीन लाख साठ हजार आणि मुलीला एक लाख ऐंशी हजार.

माझ्या २४ लाखांतून नव्या घराचे पंधरा लाख देणे गेले की नऊ उरतात. पंचवीस लाखांच्या दुरुस्तीचे नऊ लाख झाले आणि उमरा पुढे गेला.

घरात सांगितले तेव्हा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अब्बा, तीस वर्षांत फुफींनी एकदाही मागितले नाही. आणि घराची डागडुजी, घरपट्टी, सगळे आपणच केले."

मी म्हटले, "आपण राहिलोही आपणच, बेटा. भाडे कोणाला दिले?"

तो उठून गेला. त्याचा राग मला समजत होता. पंधरा वर्षे त्याने पै-पै जोडली होती, आणि फॉल्स सीलिंग हे त्याचे एकच हौसेचे स्वप्न होते. दोन दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलला. तिसऱ्या दिवशी बेगमने त्याला बोलावून सांगितले, "मी त्या घरात पडले, तेव्हा तुझी फुफी पंधरा दिवस माझ्या उशाशी होती. तिच्या पैशांनी बांधलेल्या न्हाणीत मला वुजू करायचा नाही." दुल्हनने त्याच रात्री वहीतून मॉड्युलर किचनचे पत्रक काढले आणि त्या जागी लिहिले, 'ग्रॅनाइटचा ओटा, खाली फळ्या, मिस्त्रीकडून.' सकाळी मुलाने येऊन वही मागितली आणि फॉल्स सीलिंगवर रेघ मारली. संगमरवरावरही मारली. काही बोलला नाही, मीही विचारले नाही.

पैसे बँकेतून दिले, प्रत्येकाची लेखी पोच घेतली, म्हणजे पुढच्या पिढीत शंका राहायला नको. आपाला सांगायला मी एकटाच गेलो. वाटले होते रडेल, दुआ देईल. तिने आधी नको म्हटले. मग म्हणाली, "तुला हे आत्ता आठवले? छोटी असताना आठवायला पाहिजे होते." मी मान खाली घातली. हे वाक्य माझ्याबरोबर कबरीपर्यंत येणार आहे, आणि ते यावेच.

नंतर तिनेच चहा केला. मी विचारले, या पैशांचे काय करशील? ती वर बघत म्हणाली, "आधी हे छप्पर." मीही वर पाहिले. स्वयंपाकघरावर पत्रे होते, चार ठिकाणी डांबर फासलेले, एका कोपऱ्यात गळतीखाली पातेले ठेवलेले. इतकी वर्षे प्रत्येक सहलीत त्याच छपराखाली बसून मी दालचा-भात खाल्ला होता. बंधाऱ्यातला केसाएवढा तडा मला दिसायचा. बहिणीचे छप्पर दिसले नव्हते.

नऊ लाखांत काय झाले

आता दुरुस्तीविषयी. आमच्यासारखे जुने घर घेणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून तपशिलाने लिहितो.

पहिली गोष्ट कामांच्या क्रमाची. रंग सगळ्यांत शेवटी. लोक आधी रंग देतात, मग नळ बदलायला भिंत फोडतात. आधी गळती, मग वीज, मग नळ, मग गिलावा आणि मग रंग. आम्ही उन्हाळ्यात गच्चीपासून सुरुवात केली. जुना कोबा उखडून नवा केला आणि शंभर इंचाला एक इंच उतार दिला. कड्यांना पाळ करून तीन दिवस पाणी साठवून ठेवले. खालचे छत कोरडे राहिले, तेव्हाच मिस्त्रीला पुढचे काम सांगितले. यात ८५ हजार गेले. पावसाचा पाइप गाळणीतून जमिनीतल्या टाकीत सोडला, टाकीसह ७० हजार. शेजाऱ्याच्या अंगणात आपल्या गच्चीचे पाणी पडत होते, तेही यात बंद झाले. आधीच्या मालकाशी शेजाऱ्यांचा त्यावरूनच वाद होता, असे नंतर कळले.

विजेला एक लाख चाळीस हजार. जुनी वायर काढली, प्रत्येक सॉकेटला अर्थिंग दिले आणि करंट गळताच वीज तोडणारे आरसीसीबी बसवले. लहान मुले आणि ओले हात असलेल्या घरात यावर काटकसर करू नका.

सर्वांत जास्त, दोन लाख साठ हजार, दोन न्हाण्यांवर आणि नळांवर गेले. इथे मकबऱ्याचा नियम लावला. खालच्या न्हाणीत खरखरीत, न घसरणाऱ्या फरशा, उंबरठा काढला, दार तीन फूट रुंद केले आणि ते बाहेर उघडेल असे लावले, म्हणजे आत कोणी पडले तर दार अडणार नाही. कमोडजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्के रोवलेले स्टीलचे दांडे. टॉवेल लावायचा दांडा आधाराला चालत नाही, वजन आले की निघून येतो. वुजूसाठी बसायला दीड फुटाचा कट्टा, समोर नळ, पायाखाली जाळी. दिव्याचे बटण दाराबाहेर, उजव्या हाताला.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी. जुन्या मालकाच्या शौचालयाची बैठक किब्ल्याच्या दिशेला होती. ती आम्ही फिरवून दक्षिणोत्तर केली. आपल्या शहरात किब्ला बरोबर पश्चिमेला नाही, थोडा उत्तरेकडे झुकलेला आहे. मोबाइलमधल्या होकायंत्रावर थोरलीने दिशा काढली, आम्ही जवळच्या मशिदीशी ताडून पाहिली आणि खालच्या खोलीत नमाजच्या जागेची रेघ फरशी बसवण्याआधीच मारून घेतली. घर घेतल्यावर हे पहिल्या आठवड्यात बघा. फरशी बसल्यानंतर ते काम तिप्पट खर्चाचे होते.

ओटा आणि फळ्यांना एक लाख पस्तीस हजार, खिडक्या आणि मच्छरजाळ्यांना साठ, गिलावा आणि रंगाला एक लाख वीस, किरकोळ तीस. बेरीज करून पाहा, नऊ लाख होतात. वरची वाढीव खोली नाही, नवे गेट नाही. हॉलमध्ये जुनीच फरशी घासून घेतली. थोरलीचे टेबल खिडकीजवळ आले, ते जुन्या घराच्या दाराच्या सागवानी फळ्यांचे. धाकट्याचा झोका मात्र झाला, जिन्याखालच्या कडीला. दोरीचे किती पैसे लागतात!

मजुरांचा हप्ता दर शनिवारी संध्याकाळी, घाम वाळायच्या आत. उशीर एकदाही होऊ दिला नाही. आणि काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन आवाजाबद्दल माफी मागून आलो. डावीकडच्या काकांच्या मुलीची बारावीची परीक्षा होती, म्हणून तिच्या पेपरच्या आदल्या दिवशी फरशी कापायचे मशीन बंद ठेवले. आठ दिवस काम लांबले. राहायला आलो त्या दिवशी पहिला डबा त्यांच्याकडून आला.

यंदाचा पहिला रविवार

राहायला आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी कुठे जायचे, असे मुलांना विचारले. मधला म्हैसमाळ म्हणाला, थोरली वेरूळ म्हणाली. धाकटी वही घेऊन आली आणि म्हणाली, "आपण फुफीदादीचे छप्पर बघितले नाही."

पैठणला गेलो. पत्रे जाऊन तिथे स्लॅब पडला होता. नुकतेच ठोकळे काढलेले, रंग अजून नाही. आपाने खाली खुर्ची टाकून बेगमला बसवले. मी आणि मुलगा शिडीने वर गेलो. मी बादलीभर पाणी मागवले आणि स्लॅबवर ओतले. पाणी कुठे थांबते ते बघत मी उकिडवा बसलो, चाळीस वर्षे कालव्यावर बसत होतो तसा. एका कोपऱ्यात तळहाताएवढे डबके राहिले. मुलगा म्हणाला, "अब्बा, इथे कोबा करताना अर्धा इंच उचलावा लागेल. मी पुढच्या रविवारी आपला मिस्त्री घेऊन येतो."

तो खाली उतरला आणि हे फुफीला समजावून सांगू लागला. जोहरची वेळ झाली होती. आपाने स्वयंपाकघरात जानमाज अंथरले. कोपऱ्यातले गळतीचे पातेले आता तिथे नव्हते, ते चुलीवर होते आणि त्यात दालचा शिजत होता.

छोटीच्या मुलीने आपल्या एक लाख ऐंशी हजारांचे काय केले, ते मी विचारले नाही. तिचे पैसे आहेत. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार जालन्याचा आहे, इन्शाअल्लाह. तिने आम्हाला जेवायला बोलावले आहे.